शिक्षा आणि शिक्षण

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर ‘सर्व शिक्षा अभियान’ लिहिलेलं असायचं आणि आम्ही पोरं ‘म्हणजे सगळ्यांना छड्या’ म्हणून हसायचो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मग आपल्याकडेच तिचा अर्थ असा का झाला?

– आपल्याकडेच नाही हो. कन्नडात शिक्षे, तेलुगू-मल्याळममध्ये शिक्ष म्हणजे दंडच. या बाबतीत मराठी दक्षिणेच्या पंगतीला बसते.

मूळ मात्र एकच. संस्कृत धातू ‘शक्’ म्हणजे जमणे, समर्थ असणे. त्याचं इच्छार्थक रूप शिक्ष्, म्हणजे ‘आपल्याला जमावं’ असं वाटणे. जिज्ञासा, मीमांसा याच घडणीचे शब्द. (धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘शिक्ष विद्योपादाने’ (विद्या मिळवणे) असा स्वतंत्र धातूही आहे.) वेदांगांतली, म्हणजे वेदाभ्यासाच्या पूरक शास्त्रांतली, शिक्षा तर केवळ उच्चारांचं शास्त्र. तैत्तिरीय उपनिषदातल्या शीक्षावल्लीत तिचे विषय सांगितलेत : वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम, संतान. छडीचा पत्ता नाही.

आपलं ‘शिकणे’ आलं प्राकृत ‘सिक्ख’वरून. पंजाबी ‘सिख’, म्हणजे शिष्य, तोही बहुधा त्याच घरातला. बौद्ध पंचशील म्हणताना ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ येतं ना? तिथे सिक्खापद म्हणजे पाळायचा नियम. शिकणं आणि शिस्त एकाच शब्दात आहेत, पण नियम ज्याचा त्याने स्वतःहून घ्यायचा. तोच नियम दुसऱ्याने लादला की दंडाचा अर्थ फार लांब राहत नाही. माझा अंदाज असा, की शिकणे, शिकवण, शिक्षण यांनी एक बाजू सांभाळल्यामुळे मराठीत ‘शिक्षा’ दंडाकडे सरकायला मोकळी राहिली. हिंदीत दंडासाठी फारसी ‘सज़ा’ रुळली. आपण सजाही घेतली, पण ती बहुधा कोर्टापुरती.

– भर घालतो. ‘शास्’ धातूचंही असंच : शिष्य, शास्त्र, शासन. ‘गुन्हेगाराला कडक शासन व्हावं’ म्हणतो तेव्हा आपण मंत्रालयाबद्दल बोलत नसतो! ‘धडा शिकवणे’ तर रोजचंच.

– आणि प्रयत्नांची ‘शिकस्त’?

– ती फारसी. मूळ अर्थ मोडणे, पराभव. शिकण्याशी नातं नाही. शिकारही फारसीच.

– वापराबद्दल एवढंच : ‘समग्र शिक्षा’ हे योजनेचं नाव, ते तसंच राहू द्या. जाहिरातींत ‘उच्च शिक्षा घ्या’ छापतात ते मात्र सरळ चूक. मराठीत शिक्षण घेतात, शिक्षा भोगतात.