चेसापीक बे: २७ फुटी शिडाच्या बोटीसाठी स्लिप कुठे घ्यावी?

लातूरचा_नाखवा

नमस्कार मंडळी. आधी हसून घ्या. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या माणसाने बोट घेतली आहे. कॅटलिना २७, १९८५ची. डिझेल इंजिन आत बसवलेलं, शिडं बरी, गाद्यांना वास. विकणाऱ्या आजोबांचे गुडघे गेले म्हणून स्वस्तात मिळाली. सध्या ती अमेरिकेत, चेसापीक बेला (उपसागराला) लागून असलेल्या मेरिलँडमध्येच एका यार्डात लोखंडी टेकूंवर उभी आहे आणि एप्रिलअखेर तिथून हलवायची आहे.

आम्ही मेरिलँडमधल्याच कोलंबिया गावात राहतो. बायको, दोन मुलं (११ आणि ८), दोघंही पोहतात. मी गेल्या वर्षी अ‍ॅनापोलिसला आठवड्याचा कोर्स केला, तेवढीच शिदोरी. स्लिपचे, म्हणजे मरीनात (बोटींच्या तळावर) डॉकला बोट बांधायच्या जागेचे, फोनवर तीन ठिकाणचे वर्षाचे भाव मिळाले.

अ‍ॅनापोलिसला बॅक क्रीक या खाडीत ५,४०० डॉलर. घरापासून चाळीस मिनिटं. जागा डॉकच्या अगदी टोकाला, बाहेरच्या अंगाला. मॅनेजर म्हणाला, व्ह्यू काय आहे बघा!
डील गावाला रॉकहोल्ड क्रीकमध्ये ३,६००. तासभराचा रस्ता.
रॉक हॉल, म्हणजे बेच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, २,९००. नकाशा दीड तास दाखवतो. मुलांसाठी पोहण्याचा तलावही आहे.

बोटीला चार फूट पाणी लागतं, रुंदी ८ फूट १० इंच. लांबी कागदावर २७, पण एकाने पुढचा नांगराचा रोलर आणि मागची शिडी धरून २९ मोजली आणि ३० फुटी स्लिपचे पैसे सांगितले. हे असंच असतं की माझा बकरा केला?

माझा कल रॉक हॉलकडे आहे. २,५०० डॉलर वाचतात, त्यात नवं मोठं शीड येईल. बायको म्हणते, आधी बोटी असलेल्यांना विचार. विचारतो आहे.

रॉकव्हिलकर

यात विचारायचं काय? रॉक हॉल घ्या. पाणी सगळीकडे तेच आहे. शिवाय ते वरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या बेमध्ये आहे, तिथे पाणी कमी खारट, त्यामुळे जुलै-ऑगस्टात डंख मारणारे जेलीफिश खालच्या मानाने कमी असतात. मुलं पोहणार असतील तर हा मोठा मुद्दा. (माझ्याकडे बोट नाही, मेहुण्याची आहे.)

वाऱ्यावरची

नाखवा, अभिनंदन. बकरा नाही केला. मरीना बोट टोकापासून टोकापर्यंत मोजतात, आणि बोटीची लांबी व स्लिपची लांबी यात जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. शिडी वर दुमडता येत असेल तर दुमडून पुन्हा मोजायला सांगा, फूटभर कमी होतं.

आता रॉक हॉल. गाव सुंदर आहे, माणसं चांगली आहेत, आणि आमची पहिली बोट तिकडेच होती, दोन वर्षं. तुमच्यासारखाच हिशेब केला होता. नकाशावरचा दीड तास तुम्ही मंगळवारी सकाळी पाहिला असणार. जूनमधल्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता बे ब्रिजकडे निघून बघा. पूल सव्वाचार मैलांचा, आणि अख्खं वॉशिंग्टन-बॉल्टिमोर समुद्रावरच्या ओशन सिटीला त्याच पुलावरून जातं. टोल पूर्वेकडे जातानाच घेतात. परत येताना घेत नाहीत, तेव्हा फक्त रविवार संध्याकाळ घेतात. दोन सीझनमध्ये आम्ही दर वर्षी नऊ वेळा गेलो. मी डायरी ठेवते म्हणून आकडा माहीत आहे. अलीकडच्या किनाऱ्यावर आलो त्या वर्षी एक्केचाळीस वेळा. त्यातल्या कितीतरी खेपा कामावरून सुटल्यावर दोन तासांच्या. काही वेळा तर बोट सोडलीच नाही, कॉकपिटमध्ये (बोटीच्या मागच्या उघड्या बैठकीत) बसून पोहे खाल्ले आणि घरी आलो. तुमचे २,९०० भागिले नऊ करा आणि ५,४०० भागिले एक्केचाळीस करा. वाचलेल्या पैशांचं नवं शीड डॉकवर गुंडाळून पडून राहणार असेल तर जुनंच बरं.

म्हणून बॅक क्रीक म्हणेन, पण ती टोकाची जागा नको. व्ह्यू म्हणजे काय, तर शनिवारी दिवसभर ये-जा करणाऱ्या मोटारबोटींच्या लाटा. बोट डॉकवर आपटत राहते, फेंडर (बोट आणि डॉकमध्ये टांगायचे रबरी फुगे) घासून काळे होतात, रात्री दोर करकरतात आणि मुलं झोपत नाहीत. आतल्या बाजूची जागा मागा.

आणि बघायला जाल तेव्हा कुठली स्लिप हेही नीट बघा. तुमचं इंजिन आतलं आहे. बहुतेक बोटींचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) उजवीकडे फिरतो, त्यामुळे रिव्हर्स टाकला की बोटीचं बूड डावीकडे ओढलं जातं. सुकाणू कितीही दाबा, वेग येईपर्यंत ऐकत नाही. बूड डावीकडे गेलं की पुढचं टोक उजवीकडे वळतं. तेव्हा पुढचं टोक आत घालून उभं राहायचं असेल तर बाहेरचा रस्ता उजव्या हाताला पडेल अशी स्लिप घ्या. मग ज्या सवयीला लोक शिव्या घालतात तीच तुम्हाला फुकट वळवून देते. आमची पहिली स्लिप नेमकी उलटी होती. वाऱ्याच्या दिवशी बाहेर निघायचं म्हणजे माझ्या नवऱ्याचा आवाज चढायचा, आणि अर्ध्या मरीनाला मराठी कळत नाही याचं मला बरं वाटायचं.

उन्हाळ्यात इथे दुपारचा वारा बहुधा दक्षिणेकडून येतो, वादळी झोत वायव्येकडून. वारा आडवा बसणारी स्लिप शिकणाऱ्याला नको.

खोलीबद्दल उद्या लिहिते, आता स्वयंपाक.

लातूरचा_नाखवा

ताई, पोटात गोळा आला पण आभार. रॉक हॉलवर काट. पण डील १,८०० डॉलरनी स्वस्त आहे आणि वाटेत पूल नाही. तिथे काय वाईट?

अपोलो_बंदर

मुंबईहून लिहितोय. गेटवेसमोर आमची बोट पाण्यातल्या तरंगत्या बोयाला बांधलेली असते. धक्क्यावरून छोट्या होडीने जायचं, सामान डोक्यावर. उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं. पावसाळा आला की बोट पाण्याबाहेर, नारळी पौर्णिमा होईपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. तुम्ही चालत जाऊन बोटीवर पाय ठेवता, नळाचं पाणी आणि वीज डॉकवर मिळते, आणि वर व्ह्यूची तक्रार! चालू द्या, वाचतोय. अ‍ॅनापोलिसला भरती किती असते हो?

वाऱ्यावरची

बंदरकर, साधारण एक फूट. हसू नका. फूटभरच असते म्हणून लोक गाफील राहतात. आमच्याकडे चंद्रापेक्षा वारा जास्त पाणी हलवतो. हिवाळ्यात आणि मार्चमध्ये वायव्येचा जोरदार वारा दोन दिवस लागला की बेमधलं पाणी समुद्राकडे ढकललं जातं, आणि नेहमीच्या ओहोटीपेक्षाही फूट-दीड फूट खाली जातं. वेंगुर्ल्याला वाढलेल्या मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बोट शेजारच्या बोटीपेक्षा तिरकी उभी होती.

नाखवा, डीलला काय वाईट ते मी सांगणार नाही, तुम्हीच मोजा. सुतळीला मोठा नटबोल्ट बांधा, दर फुटावर गाठ मारा. वायव्येचा वारा दोन दिवस वाहू द्या आणि तिसऱ्या दिवशी जा. स्लिपमध्येच नाही, बाहेर पडायच्या वाटेवरही मोजा. मॅनेजर जो आकडा सांगतो तो चांगल्या दिवसाचा असतो.

उलट बाजूही आहे. सप्टेंबर २००३ मध्ये इसाबेल चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे बोट नव्हती, नुसते बघायला गेलो होतो. अ‍ॅनापोलिसच्या रस्त्यांवर पाणी, आणि काही ठिकाणी डॉक दिसतच नव्हते, फक्त खांबांची टोकं. तेव्हा डॉक तरंगता असेल तर त्याला धरून ठेवणारे खांब उंच आहेत का बघा, नाहीतर डॉक बोटींसकट वरून निघून जातो. डॉक पक्का असेल तर बोटीला वर जायला दोरात ढील ठेवता येईल असे चार खांब चारही कोपऱ्यांना हवेत. आणि वादळ आलं तर बोट बाहेर काढायची सक्ती आहे का, क्रेनची रांग कोण ठरवतं, हे करारात वाचा. विम्याचा कागद ते मागतीलच.

तीन_फेजी

एकच मुद्दा, पण मुलं आहेत म्हणून ओरडून सांगतो. मरीनात पोहायचं नाही. कुठल्याही. एखाद्या बोटीच्या सदोष वायरिंगमधून वीज पाण्यात उतरते, माणसाचे स्नायू आखडतात आणि तो बुडतो. बघणाऱ्याला वाटतं पोहता येत नव्हतं. पाणी जितकं गोडं तितका धोका जास्त, कारण अंग गोड्या पाण्यापेक्षा चांगलं वीजवाहक असतं. बेचं पाणी मचूळ आहे, त्यावर विसंबू नका. नांगर टाकून, मोकळ्या जागी, इंजिन बंद करून पोहा.

आणि हो, तुमची बोट डॉकच्या विजेला जोडलेली असेल आणि शेजारीही चोवीस तास वीज जोडलेली बोट असेल, तर तुमचे झिंक (बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) लवकर झिजतात. पहिल्या वर्षी दोनदा तपासा.

लातूरचा_नाखवा

अपडेट. उशीर झाला, माफी.

बोल्ट बांधून सुतळी केली (गाठी मुलीने मारल्या, तिसरी आणि चौथी यांत फूट कमी आणि विनोद जास्त आहे, टेपने पुन्हा मोजल्या). गेल्या आठवड्यात वारा वायव्येचा होता. रविवारी डीलला गेलो. दाखवलेल्या स्लिपमध्ये ३ फूट ८ इंच. मॅनेजर म्हणाला, खाली मऊ चिखल आहे, कील (बोटीच्या तळाचा खाली उतरलेला जड कणा) आत बसते, काही होत नाही. खरंही असेल. पण मऊ चिखल ऐकलं की मला मांजरा नदीत रुतलेला काकांचा ट्रॅक्टर आठवतो. तो काढायला दुसरा आणला, तोही रुतला.

तिथून तसेच बॅक क्रीकला. टोकाची जागा नको म्हटल्यावर मॅनेजरचा चेहरा पडला. मग म्हणाला, आत एक आहे, पण अरुंद, म्हणून कोणी घेत नाही. खांबांमध्ये ११ फूट. आमची बोट ८-१०. म्हणजे दोन्ही बाजूंना फूटभर. खोली त्याच दिवशी ६ फूट. पक्का डॉक, चार खांब, बाहेरचा रस्ता उजव्या हाताला. (ताई, हे मी तीनदा उभं राहून, हात फिरवून तपासलं. बाजूच्या बोटीवरचे गृहस्थ बघत होते.) शिडी दुमडून मोजल्यावर भाव ५,१०० झाला.

बायकोने फक्त एक गोष्ट मोजली. स्लिपपासून स्वच्छतागृहापर्यंतची पावलं, रात्री दोन वाजता आठ वर्षांच्या मुलाला घेऊन जायचं आहे असं धरून. एकशे चाळीस. टोकाच्या जागेपासून साडेतीनशे होती. तिथेच निर्णय झाला.

सही केली. २५ एप्रिलला बोट पाण्यात. आता सांगा, दोर किती लांबीचे घेऊ? आणि ११ फुटांच्या फटीत पहिल्यांदा शिरायचं कसं?

वाऱ्यावरची

शाब्बास. वहिनींना डॉकमास्तर करा.

अर्धा इंची नायलॉन घ्या. पुढचे-मागचे चार दोर वीस-वीस फुटांचे, मधले तिरपे दोन बोटीच्या लांबीइतके, म्हणजे सत्तावीस-तीस. पहिल्या दिवशी बोट बरोबर मध्ये आली की प्रत्येक दोराला त्या जागी रंगीत टेप गुंडाळा आणि दोर खांबांवरच सोडून जा. परत आल्यावर उचलायचं, टेपपर्यंत ओढायचं, गाठ. घासतात तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा घाला.

शिरायला सकाळी आठची वेळ ठेवा, तेव्हा वारा निजलेला असतो. चालण्याच्या वेगापेक्षाही सावकाश. आणि कोणालाही बोट हाताने अडवू देऊ नका, मुलांना तर नाहीच. तीन टनांच्या वर वजन आहे तिचं.

माझी बोट त्याच खाडीत, समोरच्या डॉकवर आहे. २५ला शनिवार असेल तर मी तिथेच असेन. मोठा फेंडर घेऊन तुमच्या डाव्या खांबापाशी उभी राहते.

लातूरचा_नाखवा

शनिवारच आहे. पोहे आमच्याकडून.