श्याम हॉटेल, बर्डी: तुमच्या घरी काय काय सांगतात?

बर्डीचा पोरगा
काल नागपुरात बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, मेट्रो बदलत होतो. जिंतूरकडच्या एक आजी भेटल्या, सोबत नातू. मला म्हणाल्या, "बाबासाहेब उतरले होते ते हॉटेल कोणत्या अंगाला रे बाबा?" नातवानं मोबाइलवर दीक्षाभूमीचा रस्ता लावला होता, पण आजीला आधी श्याम हॉटेलची जागा पाहायची होती. त्यांना मेन रोडपर्यंत सोडून आलो. तेव्हापासून आमच्या आजोबांचं बोलणं डोक्यातून जात नाहीये.

आजोबा स्टेशनावर टांगा हाकायचे. आपली स्टेशनची ती सावनेरच्या दगडाची इमारत १९२५ सालची, तिच्यासमोर सवारीची वाट बघत उभे असायचे. १९५६ च्या दसऱ्याला गाडी आली की लोक टांग्यात पाय ठेवायच्या आधीच "श्याम हॉटेल" म्हणायचे. पत्ता कुणी विचारायचं नाही, सांगायचं नाही. ११ ऑक्टोबरला बाबासाहेब, त्यांच्या पत्नी माईसाहेब आणि त्यांचे सचिव नानकचंद रत्तू दिल्लीहून विमानानं आले ते तिथेच उतरले. १३ ला संध्याकाळी पत्रकारांना तिथेच भेटले. आणि १४ ला सकाळी पांढरं रेशमी धोतर, पांढरा कोट घालून तिथूनच दीक्षेला निघाले.

आजोबा एक गोष्ट नेहमी सांगत. सवारी हॉटेलसमोर उतरायची, पण आत जायची नाही. रस्त्याच्या पलीकडे जाऊन वरच्या खिडक्यांकडे बघत उभी राहायची. आजोबा स्टेशनावर जाऊन दुसरी सवारी घेऊन यायचे, तरी पहिली तिथेच. एका म्हाताऱ्यानं टांग्यातून उतरल्यावर आधी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या होत्या.

ज्या लोकांसाठी गावच्या चहाच्या दुकानात बाहेर वेगळी कपबशी ठेवत, त्यांचा माणूस शहरातल्या नावाजलेल्या हॉटेलात राहत होता आणि सगळं शहर त्याच्या दाराकडे चाललं होतं. नागपुरात नंतर कितीतरी मोठी हॉटेलं झाली, पण माझ्या लेखी या शहराच्या इतिहासातलं हॉटेल म्हणजे श्याम. तुमच्या घरी काय सांगतात ते लिहा. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

मोदी नंबर तीन
आमचं जुनं घर हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आई तेव्हा लहान होती. ती सांगते की अंगणातल्या नळावर अनोळखी बाया पाणी भरायला यायच्या आणि आजीनं त्यांना ओसरी उघडून दिली होती. शेजारच्यांनी नाकं मुरडली. आजीनं लक्ष दिलं नाही. १५ च्या रात्री त्या बाया निघाल्या ते कुणाला कळलं नाही, सकाळी पाहतो तर ओसरी झाडून, शेणानं सारवून ठेवलेली. कोपऱ्यात भाकरीचं पीठ ठेवलं होतं, फडक्यात बांधून. आजी हे सांगताना दर वेळी रडायची.

भिवापूर मिरची
आमची माय छोट्या लाईननं, म्हणजे नॅरो गेजच्या गाडीनं आली होती जी. भिवापूर ते इतवारी. डब्यात पाय ठेवाले जागा नाही. इतवारीवरून पायी बर्डीले. मामाच्या खांद्यावर बसून होती म्हणते, तिले हॉटेल आठवत नाही, फक्त डोकीच डोकी आठवतात.

कॉटन मार्केट
पांढऱ्या साड्यांचं कोणी लिहिलं नाही अजून! आजी गांधीबागेत दुकानोदुकानी फिरली, पांढरं लुगडं मिळेना. शेवटी मांजरपाटाचं थान घेतलं, रात्रीतून दोन तुकडे हातानं जोडले आणि तेच नेसून दीक्षा घेतली. ती शिवण अजून आहे आमच्याकडे, मोठे मोठे वाकडे टाके. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, म्हणजे घरचा माणूस कापडाच्या गिरणीत आणि घरात नेसायला पांढरं कापड नाही.

धंतोलीची लेक
@कॉटन मार्केट ताई, ते लुगडं जपून ठेवा. डांबरगोळ्या थेट कापडावर ठेवू नका, सुती पांढऱ्या कपड्यात गुंडाळून ठेवा आणि घडी अधूनमधून बदला, नाहीतर घडीवरच विरतं. आमच्या आईच्या साड्यांचं तसंच झालं.

कॉटन मार्केट
हो का? आजच काढते. धन्यवाद ताई.

लोको शेड
नोकरी रेल्वेत गेली म्हणून माझा मुद्दा गाड्यांचा. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग आपल्या नागपुरात एकमेकांना छेदतात. त्यात छोट्या लाईनी वेगळ्या. गावोगावचा माणूस चारी दिशांनी इथे पोचू शकत होता. दर दसऱ्याला स्पेशल गाड्या सुटायच्या तेव्हा आमच्या सुट्ट्या बंद. पण त्या ड्यूटीला कोणी कुरकुर केलेली मी पाहिली नाही. डब्यात गाणी चाललेली, लहान लेकरं बर्थखाली झोपलेली, उतरताना म्हाताऱ्या बाया आम्हाला "जय भीम साहेब" म्हणून हात जोडायच्या. रेल्वे होती म्हणूनच नागपूर, असं मला वाटतं.

नागनदी
लोको शेड काका, रेल्वेनं लोक आणले हे खरं, पण नागपूर का निवडलं ते बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबरच्या भाषणात स्वतःच सांगितलं आहे. या भागात नाग लोक राहत, त्यांनी बौद्ध धम्माचा प्रसार केला, म्हणून हे शहर. संघ इथे आहे म्हणून निवडलं, ही चर्चा तेव्हाही होती, ती त्यांनी त्याच भाषणात खोडून काढली. भाषण पूर्ण वाचा, फार मोलाचं आहे.

लोको शेड
बरोबर आहे बाळा. भाषण वाचलं आहे. मी फक्त गाड्यांचं बोललो.

हल्दीगोटा
स्टेशनवर गाडी थांबली की आलूबोंडा आणि संत्री, बस एवढंच आठवतं मले 😀 अजून मिळतो का तसा बोंडा? दोन नंबरवर?

बर्डीचा पोरगा
मिळतो भाऊ, पण ती चव नाही राहिली. बोंड्यासाठी वेगळा धागा काढा, मी पयला येतो.

सदरवाला
डिसेंबरात अधिवेशन असलं की नागपुरात खोली मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर खुद्द राजधानी होतं, मध्य प्रदेशाची. १ नोव्हेंबरला राज्यं बदलली आणि ती गेली. मुद्दा असा, की बाबासाहेब आले ते राजधानीच्या शहरात आले, त्याच दिवसांत महापालिकेनं त्यांना मानपत्रही दिलं. वडील तेव्हा सरकारी कचेरीत कारकून. एकीकडे ऑफिसं हलायची म्हणून फायली बांधणं चाललेलं, दुसरीकडे रस्त्यावर ही गर्दी. वडील म्हणायचे, फायली कुठे गेल्या ते विसरलो, ती गर्दी नाही विसरलो.

चांदा फोर्ट
आमच्याकडे १६ ऑक्टोबर. नागपूरहून बाबासाहेब चंद्रपूरला आले, इथेही दीक्षा झाली. नागपूरच्या लोकांनी हे विसरू नये 🙏

नागनदी
कसं विसरू. जय भीम.

नाव नको
हॉटेल हा शब्द वाचून लिहावंसं वाटलं. ऐंशीच्या दशकात नोकरीच्या मुलाखतीला दुसऱ्या एका शहरात गेलो होतो. गाव आणि लॉज सांगत नाही. काउंटरवरच्या माणसानं रजिस्टर उघडलं, आडनाव विचारलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, खोली शिल्लक नाही. मागे भिंतीवर चाव्या लटकत होत्या. रात्र स्टेशनच्या बाकावर काढली. घरी आल्यावर वडिलांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा श्याम हॉटेलात राहिले होते. मी बाहेर उभा होतो." पुढच्या मुलाखतीला माझ्यासोबत तेच आले आणि लॉजवर त्यांनीच आमचं पूर्ण नाव मोठ्यानं सांगितलं.

मोदी नंबर तीन
वाचून घशात आवंढा आला. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

नाव नको
आता नाहीत ते. गेल्या पावसाळ्यात गेले.

बर्डीचा पोरगा
दादा, हे तुम्ही इथे लिहिलंत, फार मोठी गोष्ट आहे. वडिलांना विनम्र अभिवादन.

भिवापूर मिरची
🙏🙏

धंतोलीची लेक
आमच्याकडे कोणी दीक्षेला गेलं नव्हतं, पण सासरे डॉक्टर होते, त्यांच्याकडून ऐकलं आहे की बाबासाहेबांची तब्येत त्या दिवसांत अजिबात बरी नव्हती. काठी आणि माणसाचा आधार लागत होता. तसं असताना भेटायला येणाऱ्यांची रीघ, पत्रकार, रात्रीची जागरणं. पुढे दोन महिन्यांच्या आत ६ डिसेंबर. हॉटेलसमोर उभ्या राहिलेल्या किती जणांनी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं तिथेच पाहिलं असेल. कुकरची शिट्टी झाली, उरलेलं नंतर लिहिते.

गोंदिया पॅसेंजर
माझी आत्या होती तिथे. तिला चेहरा दिसला नाही म्हणे, फक्त गाडीत बसतानाचा पांढरा कोट दिसला. तेवढ्यावर तिनं आयुष्य काढलं. पोरींना शिकवलं, दोघी मास्तरणी झाल्या.

पूर्णाकाठ
जय भीम सर्वांना. धागा वाचून एक विचारायचं होतं. या दसऱ्याला आईला घेऊन येतो आहे, परभणीहून. तिला गुडघ्यांचा त्रास आहे. स्टेशनवरून दीक्षाभूमीला कसं न्यावं? आणि जेवणाचं काय करायचं?

लोको शेड
स्टेशनजवळ मेट्रो आहे. बर्डीला बदला, काँग्रेस नगरला उतरा. लिफ्ट आहे, जिने चढायचं काम नाही. मुख्य दिवशी आणू नका त्यांना, एक दिवस आधी आणा.

भिवापूर मिरची
जेवणाची चिंता काहून करता दादा, रस्तोरस्ती लोक जेवू घालतात. आम्ही बी दरसाल वरण-भात करतो. फक्त पाण्याची बाटली आणि आईच्या गोळ्या सोबत ठेवा.

पूर्णाकाठ
आई म्हणते आहे की आधी श्याम हॉटेल.

बर्डीचा पोरगा
मग बर्डीला बाहेर निघा. आईला फार चालवू नका, मेट्रोच्या दारापासून ई-रिक्षा करा. निघायच्या आधी मला निरोप पाठवा, मी येतो.

हल्दीगोटा
मी पण येतो. माझी गाडी आहे, आईंना गाडीतच बसवू.