स्थानिक व्यक्तींच्या चरित्रातील तपशील कसे पडताळावेत? (खानदेश) – सल्ला हवा

तापीकाठ
नमस्कार. यावल तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी परिसरातील व्यक्तींची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका आम्ही तयार करीत आहोत. बहिणाबाई चौधरी यांच्यासारख्या सर्वपरिचितांबरोबरच १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेलेले गावातील एक दिवंगत शिक्षकही तीत आहेत. बहिणाबाईंविषयी माहिती उदंड मिळते, परंतु एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतल्याचे जाणवते. शिक्षकांविषयी मात्र कुटुंबीयांच्या आठवणी आणि एक जुनी स्मरणिका एवढेच हाती आहे. छापण्यापूर्वी कोणत्या कागदांवर विसंबावे आणि ते कोठे पाहावेत?

गिरणाकर
शिक्षकांपासून सुरुवात करावी, कारण तेथेच नवे काही हाती लागेल. जन्मासाठी गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून पाहता येते. त्यात बहुधा मुलाचे नाव नसते, बापाचे असते. त्यामुळे भावंडांचा क्रम आधी घरातून विचारून घ्यावा, नाही तर थोरल्या भावाची नोंद धाकट्याच्या नावे जमा होते. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून प्रवेश, इयत्ता आणि शाळा सोडल्याची तारीख खात्रीने घ्यावी, पण जन्मतारीख नव्हे. १ जून ही गुरुजींनी बहाल केलेली जन्मतारीख अर्ध्या खानदेशाची आहे.

तुरुंगवासासाठी स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाचे प्रकरण पाहावे. त्यात कारागृहाचा दाखला आहे, की केवळ सहबंद्याचे प्रमाणपत्र, हे मुद्दाम तपासावे. दुसरे खोटे असते असे नाही, पण ते अनेक वर्षांनी आठवणीवर दिलेले असते, म्हणून त्यातील मुदत दाखल्याइतक्या ठामपणे छापू नये.

कागद शोधताना जिल्ह्याचे जुने नाव लक्षात ठेवावे. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे ठाणे धुळ्यास होते. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. नंदुरबार तर १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, त्यामुळे तिकडच्या माणसाचे जुने कागद 'नंदुरबार जिल्हा' म्हणून शोधल्यास काहीच सापडत नाही.

जंत्रीवाला
बहिणाबाईंबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. त्यांचा जन्म असोद्यास नागपंचमीच्या दिवशी, २४ ऑगस्ट १८८० रोजी झाला, असे वाक्य अनेक ठिकाणी आढळते. परंतु या वाक्याचे दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत. त्या वर्षी आषाढ अमावास्या ६ ऑगस्टच्या सुमारास होती, म्हणजे नागपंचमी १०-११ ऑगस्टला येते आणि नारळी पौर्णिमा २० ऑगस्टच्या आसपास. २४ तारखेस नारळी पौर्णिमाही उलटून गेलेली होती! जुनी जंत्री मिळाली तर स्वतः पाहून घ्यावे. हे वाक्य पन्नास ठिकाणी छापलेले असले, तरी ते पन्नास पुरावे ठरत नाहीत.

माझे मत असे की, त्या काळच्या शेतकरी घरात तिथी, त्यातही सणाची तिथी, लक्षात राहणे स्वाभाविक होते आणि इंग्रजी तारीख मागाहून कोणीतरी बसवली असावी. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. त्यामुळे कोतवाल बुकात काही मिळेपर्यंत 'नागपंचमी, शके १८०२ (परंपरेनुसार)' एवढेच छापावे.

अजिंठ्याच्या अलीकडे
आपल्याकडे याहून मोठे उदाहरण चाळीसगावजवळच्या पाटणचे आहे. तेथील १२०७ सालच्या शिलालेखामुळे भास्कराचार्य पाटणचेच असे सांगितले जाते. लेख अस्सल आहे, पण त्यात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याचे आणि निकुंभ घराण्याने त्यास दान दिल्याचे सांगितले आहे; आजोबांचे जन्मस्थान नव्हे. भास्कराचार्यांनी स्वतः जन्मशक १०३६ आणि गाव विज्जडवीड असे दिले आहे, आणि त्या गावाच्या जागेवरून अभ्यासकांत मतभेद आहेत. अस्सल साधनाच्या तोंडी आपले म्हणणे घालू नये, इतकेच सुचवतो.

तापीकाठ
सर्वांचे आभार. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जावे काय? आणि स्मरणिकेचे काय करावे?

गिरणाकर
मंडळ जरूर पाहावे, मात्र शिक्षकांसाठी नव्हे; मोडीतील जुने घराणे अथवा वतनाचा विषय निघाल्यास तेथे जावे, आणि सोबत मोडी वाचणारा माणूस न्यावा. स्मरणिका टाकून देऊ नये. ती कोणत्या साली निघाली आणि लेखक शिक्षकांचा विद्यार्थी होता की नातेवाईक, हे लिहून ठेवावे. तिच्यातील जो तपशील कागदाने सिद्ध होईल तो सरळ विधान म्हणून छापावा, आणि जो होणार नाही त्यापुढे 'कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार' असे लिहावे. कुटुंबीयांना मसुदा आधी दाखवावा, पण तारखा त्यांच्या आग्रहाने बदलू नयेत.