अपडेटनंतर आईला फोन उचलता येईना : कोणते बदल पूर्ववत करता येतील?

माझी आई ७६ वर्षांची असून कराडला एकटी राहते आणि मी नोकरीनिमित्त नाशिकला असतो. गेल्या आठवड्यात तिच्या अँड्रॉइड फोनवर सॉफ्टवेअर अपडेट आले आणि रात्री फोन चार्जिंगला लावलेला असताना ते आपोआप बसले. सकाळी साडेसातला मी नेहमीप्रमाणे फोन केला, तर चारही वेळा पूर्ण रिंग वाजून बंद झाली. शेवटी शेजारच्या काकूंना घरी जाऊन बघायला सांगावे लागले. आई फोन हातात धरूनच बसली होती आणि हिरव्या खुणेवर अंगठा ठेवून ती खूण वर सरकवत होती. आता ती आडवी सरकवायची आहे, हे तिला कळायला काही मार्गच नव्हता.

शनिवारी कराडला जाऊन फोन स्वतः पाहिला. फोन उचलण्याची पद्धत बदलली आहेच, शिवाय पडद्याच्या तळाची तीन बटणे नाहीशी होऊन त्यांच्या जागी एक बारीक आडवी रेघ आली आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यातून बोट खाली ओढले की पूर्वी नोटिफिकेशन दिसत असत, तेथे आता वायफाय, टॉर्च वगैरेंचा पडदा उघडतो. पॉवरचे बटण दाबून धरले, तर फोन बंद करण्याचा पर्याय न येता बोलणारा सहायक जागा होतो आणि ‘ही बाई कोण बोलते आहे’ म्हणून आई घाबरते.

तिची अडचण थोडी सविस्तर सांगतो, कारण ‘दोन दिवसांत सवय होईल’ असे उत्तर मला फोनच्या दुकानात मिळालेले आहे. आई अक्षरे वाचून फोन वापरत नाही, जागा लक्षात ठेवून वापरते. तिच्या स्क्रीनगार्डवर डाव्या कोपऱ्यात, जेथे ‘मागे’चे बटण होते, तेथे घासून घासून धूसर ठिपका पडला आहे आणि अंगठा अजूनही तेथेच जातो. दोन वर्षांपूर्वी मी शिकवत असताना तिने दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर फोनचे चित्र काढले होते व बाण काढून ‘येथून मागे’, ‘येथून घरी’, ‘वर ढकलले की फोन लागतो’ असे लिहून ठेवले होते. ते पान आता निरुपयोगी झाले आहे. त्यातच तिच्या हाताला किंचित कंप आहे, त्यामुळे कडेवरून बोट सरकवणे तिला जमत नाही. नको तेव्हा मात्र ते आपोआप होते आणि चालू असलेला व्हिडिओ कॉल दिसेनासा होतो.

जाणकारांना माझी विनंती अशी की, यांपैकी कोणते बदल सेटिंग्जमधून कायमचे पूर्ववत करता येतात आणि कोणते शिकूनच घ्यावे लागतील, हे कृपया सांगावे. मला तिला एकदाच शिकवायचे आहे. आज जुने करून दिले आणि पुढच्या अपडेटला पुन्हा बदलले, असे व्हायला नको. तसेच फॅक्टरी रीसेट केल्यास जुनी आवृत्ती परत येईल काय?

प्रतिसाद १

प्रथम शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यात नुकसान होऊ शकते. फॅक्टरी रीसेट करू नका. त्याने फोनमधील फोटो आणि इतर माहिती पुसली जाईल, परंतु सिस्टीमची आवृत्ती आहे तीच राहील.

आपण सांगितलेले सगळे बदल एकाच अपडेटचे असतीलच असे नाही. येणाऱ्या कॉलचा पडदा हा फोन ॲपचा भाग असतो आणि ते ॲप प्ले स्टोअरवरून स्वतंत्रपणे अपडेट होते. त्या ॲपची सेटिंग्ज उघडून कॉल घेण्याच्या पद्धतीचा पर्याय आहे का ते पाहा. असल्यास आडवे सरकवण्याऐवजी एका स्पर्शाने फोन घेण्याची सोय निवडता येते. हात कापत असल्यास मला तीच बरी वाटते. ॲपचे अपडेट काढून टाकण्याचा सल्लाही कोणी देईल, पण स्वयंचलित अपडेट चालू असेल तर ते काही दिवसांत पुन्हा बसते.

तळाची तीन बटणे मात्र परत आणता येतात. बोट सरकवून फोन चालवण्याची सध्याची पद्धत अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून आहे, तरीही तीन बटणांचा पर्याय ठेवलेला आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘नेव्हिगेशन’ शब्द टाकल्यास तो सापडेल. तीन बटणे निवडली की कडेवरून चुकून मागे जाण्याचा त्रासही थांबेल, कारण ती खूण मग चालतच नाही.

प्रतिसाद २

पॉवर बटणाविषयी : सेटिंग्जमध्ये ‘पॉवर बटण दाबून धरल्यास काय व्हावे’ असा पर्याय असतो, तेथे सहायकाऐवजी पॉवर मेनू निवडावा. सुलभता विभागात पॉवर बटण दाबून कॉल संपवण्याची सोय बहुधा मिळेल. माझ्या वडिलांना लाल खूण शोधण्यापेक्षा ती सोपी गेली.

नोटिफिकेशनचे आणि द्रुत सेटिंग्जचे असे दोन वेगळे पडदे काही कंपन्यांनी केले आहेत. तो पडदा खाली ओढून पेन्सिलच्या खुणेवर स्पर्श केल्यास दोन्ही एकत्र ठेवण्याचा पर्याय दिसतो का, हे तपासावे. अपडेट्स कायमची बंद करू नयेत, विशेषतः फोनवरून पैशांचे व्यवहार होत असतील तर, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच वाटेने येतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल काकूंच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊन एकेक करत गेलो. एका स्पर्शाने फोन घेण्याची सोय झाली आणि पॉवर बटणही सुधारले. तीन बटणे आली खरी, पण ‘मागे’ उजवीकडे आणि डावीकडे अलीकडील ॲप्सचे बटण, अशा उलट क्रमाने. आईचा अंगठा सवयीने डावीकडे गेला आणि उघडलेल्या सगळ्या ॲप्सची रांगच तिच्यासमोर आली. यावर काही उपाय आहे काय?

प्रतिसाद १

ज्या पानावर आपण तीन बटणे निवडली, त्याच पानावर खाली बटणांचा क्रम बदलण्याचा पर्याय पाहा. काही फोनमध्ये तो त्याच ओळीशेजारच्या दातेरी चक्राच्या खुणेत दडलेला असतो.

धागाकर्ता

चक्राच्या खुणेतच सापडला, धन्यवाद. ‘मागे’ पुन्हा त्या धूसर ठिपक्याखाली आले आहे. पडदे एकत्र करण्याचा पर्याय या फोनमध्ये दिसत नाही, त्यामुळे नोटिफिकेशनसाठी डाव्या कोपऱ्यातून ओढायला शिकवावे लागेल. आईने वहीतले जुने पान फाडले नाही. त्यावरचा ‘वर ढकलले की’ एवढाच मजकूर खोडून ‘नुसते टेकवले की’ असे लिहिले आहे. आज सकाळी साडेसातला तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.