देवनागरी ईमेल पत्त्याचा इंग्रजी आधार काढला, ते बरोबर झालं का?

कृष्णाकाठ
वडिलांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून .भारत डोमेनवर देवनागरी पत्ता घेऊन दिला. त्यावरून त्यांनी गॅस एजन्सीला पत्र पाठवलं. लगेच परत आलं. कारण: समोरच्या सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८, म्हणजे इंग्रजीबाहेरच्या अक्षरांतले पत्ते स्वीकारायची मेलची सोय, येत नाही. वडील म्हणाले, "माझं नाव चुकलं का?" पोटात तुटलं.

इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २००८ च्या प्रायोगिक मानकात यावर तोड ठेवली होती. देवनागरी पत्त्यासोबत एक इंग्रजी पत्ता द्यायचा. वाटेत जुना सर्व्हर लागला की पत्र त्या पत्त्याने पुढे जायचं. २०१२ च्या पक्क्या मानकात (आरएफसी ६५३०, ६५३१; आरएफसी म्हणजे आयईटीएफचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) ही सोय काढून टाकली. माझ्या मते ती घोडचूक.

मेलरूम
साफ असहमत. मी रोज मेल सर्व्हर सांभाळतो. वाटेत हेडरमधला पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला की डीकेआयएमची सही (पाठवणाऱ्या डोमेनने पत्रावर केलेली डिजिटल सही) जुळत नाही, आणि पत्र बनावट समजून स्पॅममध्ये जाऊ शकतं. तुमच्या वडिलांचं पत्र परत आलं, निदान कळलं तरी. वाटेत पत्ता बदलला असता तर ते गुपचूप हरवू शकलं असतं. शिवाय उत्तर कुठल्या पत्त्यावर जाणार? प्रयोग केला, गुंता दिसला, सोय काढली. हीच रीत योग्य.

शिवारातली
सहीचं पटलं. पण आयईटीएफ सहमतीने ठरवते म्हणतात, ती सहमती कुणाची? तिथे मतदान नाही, बैठकीत 'हं' असा हुंकार भरून कल बघतात. ज्यांचं इंग्रजीवाचून कधी अडलंच नाही, त्यांचाच हुंकार मोठा असणार ना?

मेलरूम
हुंकार फक्त कल पाहायला. निर्णय ईमेलवरच्या खुल्या चर्चेत पक्का होतो. तिथे कुणीही लिहू शकतं, फी नाही. डोकी मोजत नाहीत, आक्षेपाला उत्तर मिळालं का ते बघतात. आरएफसी ७२८२ (२०१४) तर म्हणतं, पाच बाजूने आणि शंभर विरुद्ध असले तरी सहमती होऊ शकते. आणि हे ईमेल मानक करणाऱ्या गटाचे कितीतरी मसुदे चीन-जपानच्या डोमेन संस्थांतल्या लोकांनी लिहिले. इंग्रजीवाल्यांनी लादलं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

शिवारातली
मग माझा आक्षेप घ्या. कऱ्हाड आणि कर्‍हाड. डोळ्याला एकच. पण पहिल्यात नुक्त्याचा ऱ आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. आरएफसी ६५३२ मध्ये एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी संगणकी रूपं एकसारखी करायची रीत) सुचवलंय, त्यानेही हे दोन एक होत नाहीत. माझं पत्र भलत्याच्या पेटीत पडेल.

मेलरूम
@ च्या डावीकडच्या भागाचा अर्थ शेवटचा सर्व्हरच लावतो. त्याने दोन्ही रूपं एकाच पेटीला जोडावीत. मानक बदलायची गरज नाही.

शिवारातली
म्हणजे पुन्हा कंपनीची मर्जी! एकीने जोडलं, दुसरीने नाही, तर भोगायचं आम्ही. निदान देवनागरीसाठी लेखी मार्गदर्शन हवंच. मी मसुदा लिहायला बसते.

कृष्णाकाठ
सहीचा मुद्दा मला माहीत नव्हता. 'घोडचूक' मागे घेतो. पण इंग्रजी आधार काढताना जुने सर्व्हर कोण बदलणार, हे कुणाच्याच अंगावर टाकलं नाही, ही माझी तक्रार कायम आहे. एजन्सीचं पत्र शेवटी मी माझ्या पत्त्यावरून पाठवलं.

शिवारातली, चाचणीला वडिलांची पेटी घ्या. त्यांच्या पत्त्यात कऱ्हाड आहेच.