व्हर्जिनियाने २०२१ मध्ये ग्लेन यंगकिन यांना का निवडले? (पोटोमॅककाठी, रेवा आणि घाटवाट या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

पोटोमॅककाठी

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या गव्हर्नरपदाची २०२१ ची निवडणूक हा आपल्या मंडळींत अजूनही वादाचा विषय आहे, आणि दर वेळी चर्चा एकाच वाक्यावर येऊन थांबते : यंगकिन यांचे मतदार वंशद्वेषातून पसरवलेल्या भीतीला बळी पडले. मला हे म्हणणे मान्य नाही. उत्तर व्हर्जिनियात राहून ती निवडणूक जवळून पाहिल्यामुळे मी हे लिहीत आहे.

भारतातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. अमेरिकेतील गव्हर्नर थेट जनतेकडून निवडला जातो आणि अधिकारांच्या दृष्टीने तो आपल्याकडील मुख्यमंत्र्याच्या जवळचा असतो. व्हर्जिनियात त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही. त्यामुळे २०१४ ते २०१८ या काळात गव्हर्नर असलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे टेरी मॅकऑलिफ एका कार्यकाळाच्या खंडानंतर पुन्हा उभे होते. त्यांच्यासमोर होते रिपब्लिकन पक्षाचे ग्लेन यंगकिन : कार्लाइल या गुंतवणूक कंपनीचे माजी सहप्रमुख, त्यापूर्वी कधीही निवडणूक न लढवलेले. जेमतेम एक वर्षापूर्वी बायडेन यांनी हे राज्य दहा टक्क्यांच्या आघाडीने जिंकले होते. तिथे २ नोव्हेंबर २०२१ रोजी यंगकिन सुमारे ६३ हजार मतांनी निवडून आले.

माझ्या मते हा कौल शाळांविषयी होता, आणि त्यामागे खरा अनुभव होता. कोविडमुळे शाळा बंद असताना आमच्या शेजारच्या घरात पहिलीतला मुलगा स्वयंपाकघरातील टेबलाशी लॅपटॉपसमोर बसून अक्षरे गिरवत असे आणि त्याची आई त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कानात इअरफोन घालून ऑफिसच्या मीटिंगला हजर असे. मुलाचा आवाज बंद झाला की ती एका हाताने त्याचे बटण दाबी. खासगी शाळा उघडल्या, शेजारच्या काही राज्यांतील सरकारी शाळा उघडल्या, आमच्याकडे मात्र २०२१ उजाडले तरी बहुतेक मुले घरीच होती. शाळा कधी उघडणार, हे विचारणाऱ्या पालकांना स्कूल बोर्डाच्या (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाच्या) बैठकीत मिळणारी ठरावीक मिनिटे संपली की खाली बसावे लागे.

अशा वातावरणात २८ सप्टेंबरच्या वादसभेत मॅकऑलिफ म्हणाले, की शाळांनी काय शिकवावे हे पालकांनी सांगावे असे त्यांना वाटत नाही. संदर्भ होता तो त्यांनीच गव्हर्नर असताना नकाराधिकार वापरून अडवलेल्या एका विधेयकाचा. अभ्यासक्रमातील लैंगिक वर्णने असलेल्या मजकुराची पूर्वसूचना पालकांना द्यावी, असे ते विधेयक होते. संदर्भ काही असो, दीड वर्ष घरात शाळा चालवलेल्या माणसाला त्या वाक्यातून जे ऐकू आले, ते तुम्ही विचारपूर्वक नाकारून दाखवा. उत्तर व्हर्जिनियातील लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा भाग) बायडेन यांची आघाडी पंचवीस टक्के होती, ती मॅकऑलिफ यांच्या वेळी अकरावर आली. त्या काउंटीतील लोक वर्षभरात वंशद्वेष्टे झाले, असे मला कोणी पटवू शकणार नाही.

रेवा

तुमच्या शेजारणीचा त्रास खरा आहे. माझ्या घरीही तेच चालले होते. परंतु त्या त्रासावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला अजिबात पटत नाही.

पहिली गोष्ट, १९७७ पासून व्हर्जिनियातील गव्हर्नरपद जवळजवळ नेमाने व्हाइट हाउसमधील पक्षाच्या विरोधात जात आले आहे. अपवाद एकच, तोही २०१३ मध्ये याच मॅकऑलिफ यांचा. तेव्हा २०२१ चा निकाल समजून घ्यायला शाळांपेक्षा बायडेन यांची घसरलेली लोकप्रियता अधिक उपयोगी पडते. ऑगस्टमध्ये काबूलमधून घेतलेली गोंधळाची माघार, वाढती महागाई आणि वॉशिंग्टनमध्ये स्वतःच्याच पक्षातील भांडणात अडकलेली विधेयके यांचा राग मतदारांनी हाताशी असलेल्या उमेदवारावर काढला.

दुसरी गोष्ट मतांची. यंगकिन यांना साधारण १६ लाख ६० हजार मते पडली, म्हणजे २०२० मध्ये ट्रम्प यांना या राज्यात मिळालेल्या मतांपेक्षा सुमारे ३ लाख कमी. मॅकऑलिफ यांना १६ लाख मिळाली, ती बायडेन यांच्यापेक्षा सुमारे ८ लाख कमी. पालकांनी मोठ्या संख्येने पक्ष बदलला, असे चित्र तुम्ही रंगवता. या आकड्यांतून मला घरी बसलेले डेमोक्रॅट मतदार दिसतात.

आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. 'क्रिटिकल रेस थिअरी' (वंशभेद कायद्यांत आणि संस्थांत मुरलेला आहे, असे मांडणारी विचारसरणी) शाळांतून हद्दपार करू, असे आश्वासन यंगकिन सभांमधून देत होते आणि शपथविधीच्याच दिवशी, १५ जानेवारी २०२२ रोजी, त्यांनी पहिला आदेश त्याबद्दल काढला. राज्याच्या शालेय अभ्यासक्रमात तो विषय नव्हताच. नसलेल्या गोष्टीवर बंदी घालण्यासाठी एवढा गाजावाजा कशासाठी होतो, याचे उत्तर तुमच्या लेखात नाही. लाउडनच्या स्कूल बोर्डाची जूनमधील बैठक पोलिसांना बोलावून थांबवावी लागली, हेही त्यात नाही. पालकांची चिंता आणि त्या चिंतेवर पोसलेला प्रचार यांत भेद केला नाही, तर आपण प्रचारालाच चिंतेचे प्रशस्तिपत्र देऊन बसतो.

घाटवाट

मी राज्याच्या नैर्ऋत्य भागात, ब्लॅक्सबर्गजवळ राहतो. तुमचा दोघांचा वाद लाउडन आणि फेअरफॅक्स या वॉशिंग्टनजवळच्या उपनगरी काउंट्यांपुरताच आहे. आमच्या पलीकडे कोळशाच्या खाणींच्या काउंट्या आहेत. तिथे खाणी बंद पडत गेल्या आणि तरुण पिढी निघून गेली. ली किंवा टॅझवेल काउंटीत यंगकिन यांना ८० टक्क्यांहून अधिक मते मिळाली, आणि उपनगरांत कमी झालेल्या अंतराइतकाच या भरघोस मतदानाचाही विजयात वाटा होता. इथे सभांमधून मी जे ऐकले ते किराणामालावरील अडीच टक्के कर रद्द करण्याबद्दल होते. त्यातला राज्याचा दीड टक्का २०२३ च्या जानेवारीपासून खरोखर गेला, स्थानिक एक टक्का राहिला. माझ्या भागातील माणसांनी कोणाची भीती बाळगली असेल, तर ती दुर्लक्षित राहण्याची.

पोटोमॅककाठी

रेवाताई, आकडे तुमचे बरोबर आहेत, पण अर्धे. मॅकऑलिफ यांची १६ लाख मते ही २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचे राल्फ नॉर्दम ज्या मतांवर जिंकले, त्या सुमारे १४ लाखांहून जास्त आहेत. गव्हर्नरपदासाठी ३३ लाखांच्या आसपास लोकांनी मतदान केले. राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीशी तुलना केली तर कोणताही उमेदवार हरलेलाच दिसेल. गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकीशी केली तर दिसते, की डेमोक्रॅट आले होते आणि तरीही पुरले नाहीत.

प्रचाराविषयी तुमचे म्हणणे मी पूर्ण नाकारत नाही. पण आपल्याच समाजातील एक गोष्ट पाहा. फेअरफॅक्समधील थॉमस जेफरसन विज्ञान विद्यालय या निवडक प्रवेशाच्या सरकारी शाळेची प्रवेशपरीक्षा २०२० मध्ये रद्द झाली आणि पुढच्याच तुकडीत आशियाई वंशाच्या मुलांचे प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आले. ज्या घरांत सहावीपासून गणिताचे वर्ग लावले जात होते, त्या घरांत हा धक्का काय होता ते आपण दोघेही जाणतो. आयुष्यभर डेमोक्रॅट असलेल्या अनेकांनी त्या वेळी माझ्यासमोर यंगकिन यांचे नाव घेतले. त्यांना भेडसावणारी गोष्ट काल्पनिक नव्हती. पुढे शाळेतील मास्क ऐच्छिक करण्याचा कायदाही फेब्रुवारी २०२२ मध्ये काही डेमोक्रॅट सेनेटरांच्या साथीने झाला, तेव्हा ही मागणी केवळ एका पक्षाची नव्हती.

रेवा

त्याच तुकडीचे बाकीचे आकडेही सांगायला हवे होते. गरीब घरांतील मुले आधी एक टक्काही नव्हती, ती एकदम २५ टक्के झाली. शंभर डॉलरचे अर्जशुल्क गेले, परीक्षा गेली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेतील दीड टक्का मुलांना जागा राखल्या गेल्या. अपील न्यायालयाने २०२३ मध्ये हे धोरण वैध ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यात हात घातला नाही. आपल्या मुलांची जागा गेल्याचे दुःख मला कळते. मात्र ज्यांना ती प्रथमच मिळाली त्यांच्या पालकांना तुमच्या 'पालक' या शब्दात स्थान नाही, आणि माझा आक्षेप तेवढाच आहे.

घाटवाट, किराणाकराबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. म्हणूनच २०२५ चा निकाल पाहण्यासारखा आहे. यंगकिन यांच्या नायब गव्हर्नर आणि त्या वर्षीच्या रिपब्लिकन उमेदवार विन्सम अर्ल-सिअर्स यांनी शाळांमधील तृतीयपंथी मुलांचा प्रश्न प्रचारात सतत पुढे ठेवला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अबिगेल स्पॅनबर्गर यांनी घरखर्चावर बोलत राहून त्यांना सुमारे पंधरा टक्क्यांच्या फरकाने हरवले. शाळांवरचा राग हेच जर २०२१ चे खरे कारण होते, तर चार वर्षांत तो कुठे गेला?

पोटोमॅककाठी

तो राग गेला, कारण शाळा उघडल्या. मुले वर्गात परतली, मास्क ऐच्छिक झाले, आणि २०२५ मध्ये आमच्या भागात संघराज्य सरकारी नोकऱ्यांतून लोक काढले जात होते. ज्या घराने २०२१ मध्ये यंगकिन यांना मत दिले, त्याच घराने चार वर्षांनी स्पॅनबर्गर यांना दिले असेल, तर त्या मतदाराला भुललेला म्हणायचे कोणत्या वर्षी?