लोखंडी शेड घातली तरी वारा आहेच

काजू कारखान्याच्या शेडसाठी 'लाकडी कैच्या काढा, लोखंड घाला, वाऱ्याची काळजी मिटली' असा सल्ला कुणीतरी दिलाय (कैच्या म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे). वाळवी आणि चांगल्या ऐन-किंजळाच्या लाकडाचा आजचा भाव बघता लोखंड मलाही पटतं, वाऱ्याचं मात्र अजिबात नाही. कौलारू छप्पर स्वतःच्या वजनानं बरंचसं बसून राहतं. लोखंडी शेडीवरचा पत्रा हलका, त्याला वारा उचलतो. त्यातून आपल्या लाकडाच्या वखारी नि कारखान्याच्या शेडी ट्रक आत यावा म्हणून एका बाजूनं सताड उघड्या. वारा आत शिरून खालून ढकलतो, वरून छपराला ओढ बसते, दोन्ही जोर एकाच दिशेला. इमारतीवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३, त्यामध्ये हा आतला दाब वेगळा धरायला सांगितलाय; गावाकडच्या किती शेडींना तो हिशेब होतो?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे उडालेली छपरं जवळून पाहिली. काही ठिकाणी स्क्रू पर्लिनमध्ये, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांमध्ये, जागच्या जागी घट्ट होते, पत्राच त्यांच्या डोक्याभोवती फाटून गेला होता. म्हणून कडेला आणि कोपऱ्यांत, जिथं ओढ सर्वांत जास्त, तिथं स्क्रू जवळजवळ मारा, वायसर रुंद घ्या. आणि खांबाचे बोल्ट नुसत्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, बांधकामात सोडू नका. जांभा दाब घेतो, ओढ घेत नाही. खाली आरसीसीचं पेडेस्टल, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा ठोकळा, हवंच. शेड बनवणारा फॅब्रिकेटर लोखंडाच्या किलोवर भाव सांगतो, त्यात यातलं काही धरलंय का ते कोटेशनमध्येच लिहून घ्या.